भाग स्वस्त झाले, निदानाचे काय?

प्रतिनिधी, पुणे

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सर्व सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर सरसकट १८ टक्के करण्यात आला. त्यापूर्वी यातील बहुसंख्य भागांवर २८ टक्के कर द्यावा लागत असे. करापूर्वी पाच हजार रुपये किंमत असलेला भाग ग्राहकाला ६,४०० रुपयांना पडत होता, तो आता ५,९०० रुपयांना पडतो. मोटारमालकांनी या सवलतीचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. मात्र जो भाग बदलला तो बदलण्याची मुळात गरजच नसेल, तर पाचशे रुपये वाचूनही ५,९०० रुपये वाया जातात. भागांच्या किमतीविषयी आपल्याकडे पुष्कळ चर्चा होते. कोणता भाग बिघडला आहे हे ठरवण्याच्या कामाला मात्र दुरुस्तीच्या बिलात जागाच नसते, आणि ग्राहकाचे मोठे नुकसान नेमके तेथे होते. मोटारमालकांच्या परिचयाच्या एका तक्रारीवरून हे स्पष्ट व्हावे. ती तक्रार म्हणजे पुढच्या चाकांच्या बाजूने येणारा ‘टक-टक’ आवाज.

ही तक्रार घेऊन वर्कशॉपमध्ये गेल्यास बहुधा एकच उत्तर मिळते, ‘साहेब, एक्सल गेला.’ हे उत्तर पुष्कळदा बरोबरही असते. अडचण एवढीच, की ते गाडी खालून पाहण्यापूर्वीच दिलेले असते.

सहा गोळ्या आणि एक रबरी पिशवी

अॅम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत इंजिन पुढे असले तरी ओढ मागच्या चाकांना असे. मधल्या लांब प्रॉपेलर शाफ्टच्या टोकांना ‘क्रॉस’ असत आणि ते झिजले की गिअर टाकताच ‘खट्’ असा आवाज येई. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तो आवाजही तिच्याबरोबर इतिहासजमा झाल्यासारखाच आहे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांना ओढ देणारी रचना भारतीय मध्यमवर्गाच्या दारात पोहोचली. आज शहरांत दिसणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्या याच रचनेच्या आहेत.

या रचनेत पुढच्या चाकाला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. त्याने गाडी ओढायची आणि वळायचेही. जुना क्रॉस मोठ्या कोनात फिरवला तर त्याची गती एकसारखी राहत नाही, प्रत्येक फेऱ्यात ती कमी-जास्त होते आणि हिसके बसतात. या अडचणीवर फोर्ड कंपनीतील अभियंता आल्फ्रेड झेप्पा यांनी १९२०च्या दशकात जो उपाय शोधला, तोच थोड्याफार फरकाने आजही वापरात आहे. एका वाटीसारख्या पोलादी भागात वक्र खोबणी, तशाच खोबणी आतल्या भागावर, दोहोंच्या मध्ये सहा पोलादी गोळ्या आणि त्या गोळ्या जागेवर धरणारा पिंजरा. चाक कितीही वळले तरी गोळ्या खोबणीतून सरकत राहतात आणि गती एकसमान पोहोचते. यालाच सीव्ही जॉइंट म्हणतात. प्रत्येक बाजूच्या शाफ्टला चाकाकडे एक आणि गिअरबॉक्सकडे एक, असे दोन जॉइंट असतात.

हा जॉइंट ग्रीसवर जगतो आणि ते ग्रीस सांभाळते घड्या असलेली एक रबरी पिशवी. गॅरेजच्या भाषेत ‘बूट’. जॉइंट स्वतःहून क्वचितच मरतो; आधी बूट फाटतो. रबर वयाने कडक होते, घडीत चीर जाते, क्लिप सैल होते, कधी पार्किंगमध्ये उंदीर ते कुरतडतात. चाक फिरताना ग्रीस बाहेर फेकले जाते आणि पावसाळी चिखल व वाळू आत जाते. वाळू आणि उरलेले ग्रीस यांचे मिश्रण म्हणजे घासकामाची पेस्टच. काही महिन्यांत खोबणीत खड्डे पडतात, गोळी त्या खड्ड्यात आपटू लागते आणि वळणावर ‘टक-टक-टक’ सुरू होते. आवाज ऐकू येतो तेव्हा बूट फाटून बरेच दिवस झालेले असतात, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. बूट काही शे रुपयांचा, पूर्ण शाफ्ट काही हजारांचा. हा फरक ज्या काळात वाचवता येतो, त्या काळात गाडी एकदम गप्प असते.

नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये गाडी रॅम्पवर चढतेच. बॅटरी लावून चारही बूट पाहायला दोन मिनिटे पुरतात. चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडालेले असतील तर बूट फाटला हे वेगळे सांगायला नको. सर्व्हिसिंगच्या तपासणी यादीत याची नोंद असते आणि तिच्यापुढे बरोबरची खूणही असते. खूण करणाऱ्याने खरोखर पाहिले होते की नाही, हे वळणावर टक-टक सुरू झाली की कळते.

आवाज केव्हा येतो, हा पहिला प्रश्न

‘टक-टक’ म्हणून सांगितले जाणारे सगळेच आवाज या जॉइंटचे नसतात. वेगळे ओळखण्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत; आवाज केव्हा येतो आणि केव्हा येत नाही, हे नीट पाहावे लागते.

मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी अगदी सावकाश गोल फिरवावी आणि अॅक्सिलरेटर किंचित दाबावा. प्रथम डावीकडे, मग उजवीकडे. चाकाकडचा जॉइंट झिजला असेल तर एका दिशेला आवाज स्पष्ट येतो, सरळ जाताना मंदावतो किंवा थांबतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा जॉइंट बहुधा दोषी असतो, पण केवळ या ठोकताळ्यावर भाग मागवू नये. खाली वाकून बूट पाहावा आणि शाफ्ट हाताने हलवून पाहावा.

दुसरी खूण लयीची. छोट्या गाडीचे चाक एका फेऱ्यात सुमारे १.८ मीटर अंतर कापते. ताशी २० किलोमीटर वेगाला ते सेकंदाला साधारण तीन फेरे घेते. आवाज चाकाच्या लयीत येत असेल तर दोष चाकात किंवा शाफ्टमध्ये आहे. गाडी उभी असताना इंजिन वाढवल्यावरही आवाज येत असेल, तर तो इंजिनाच्या बाजूचा आहे आणि शाफ्ट बदलून काहीही होणार नाही. चाकाच्या लयीत, पण सरळ रस्त्यावरही येणारी टक-टक असेल तर सर्वप्रथम टायर पाहावा. खाचेत अडकलेला खडा किंवा घुसलेला खिळा हुबेहूब असाच वाजतो. त्याच वेळी चाकाचे नट घट्ट आहेत ना, हे पाहावे. सैल नट हे या यादीतील एकमेव असे कारण आहे, की ज्यासाठी गाडी तेथल्या तेथे थांबवली पाहिजे.

गिअरबॉक्सकडचा जॉइंट झिजला की टक-टक येत नाही. वेग घेताना गाडी थरथरते, पाय काढताच थरथर थांबते. खड्ड्यातून जाताना येणारी ‘खट-खट’ बहुधा लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंटची असते. जागच्या जागी स्टिअरिंग वळवताना येणारा आवाज शॉकअॅब्सॉर्बरच्या वरच्या माउंटचा असू शकतो. आपल्या रस्त्यांच्या अवस्थेमुळे पावसाळ्यानंतर हे सारे आवाज एकाच गाडीत एकत्र नांदतात. खड्डे बूट फाडतात अशी समजूत आहे. वास्तविक खड्ड्यांचा मार बूटपेक्षा बुश आणि बॉल जॉइंट यांनाच अधिक बसतो. निदान चुकते ते या गोंधळामुळेही, हे मेकॅनिकच्या बाजूने सांगायला हवे.

आणखी एक आवाज आहे, जो सर्वांत जास्त फसवतो. गाडी रिव्हर्समधून बाहेर काढून पुढे घेतली की एकदाच ‘टक्’. पुन्हा मागे घेतली की पुन्हा एकदाच. शाफ्टचे दातेरी टोक चाकाच्या हबमध्ये बसवून बाहेरून मोठ्या नटाने आवळलेले असते. जॉइंटचा खांदा आणि व्हील बेअरिंग जेथे एकमेकांना टेकतात, तेथे पृष्ठभाग कोरडा पडला किंवा नट योग्य ताणाने आवळलेला नसला, तर ओढीची दिशा बदलताच तो पृष्ठभाग किंचित घसरतो आणि वाजतो. यात जॉइंट झिजलेला नसतो. नट काढून पृष्ठभाग स्वच्छ करणे, तेथे योग्य ग्रीस लावणे आणि नवा नट ठरलेल्या टॉर्कने आवळणे, एवढीच दुरुस्ती. हा टॉर्क गाडीनुसार साधारण १५० ते ३०० न्यूटन-मीटर असतो आणि तो टॉर्क पान्यानेच मोजावा लागतो. लांब पाइप लावून अंदाजाने आवळणे ही आपल्याकडची सर्वमान्य पद्धत येथे चालत नाही.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव याच आवाजाचा. नऊ वर्षे वापरलेल्या पेट्रोल गाडीतून सोसायटीच्या पार्किंगमधून निघताना रोज सकाळी एकच ‘टक्’ येई. एका अधिकृत सर्व्हिस सेंटरने गाडी आत घेतली, स्कॅनर लावला, ‘कोणताही दोष नाही’ असा छापील कागद दिला आणि तरीही डाव्या बाजूचा पूर्ण शाफ्ट बदलण्याची शिफारस केली. मजुरीसह ९,४०० रुपये झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये तोच ‘टक्’. पुन्हा गेल्यावर इंजिन माउंट बदलावे लागेल, असे सांगण्यात आले. तेव्हा नाना पेठेच्या परिसरातील एका जुन्या गॅरेजची वाट धरली. तेथील वयस्कर मेकॅनिकने बॉनेट उघडलेच नाही. ‘वळताना सारखा येतो, का मागे घेऊन पुढे घेतली की एकदाच?’ एवढेच विचारले. एकदाच, म्हटल्यावर त्यांनी मुलाला गाडी हळूहळू मागे-पुढे करायला लावली आणि स्वतः चाकापाशी बसून हबवर हात ठेवला. प्रथम डावीकडे, मग उजवीकडे. ‘डावं नवं घातलंय, ते बरोबर आहे. पण दुखतंय उजवं,’ असे म्हणून त्यांनी तेच वर लिहिलेले काम केले. नवा नट आणि मजुरी मिळून ८५० रुपये. आवाज थांबला तो आजपर्यंत.

यंत्राला जे ऐकू येत नाही

अधिकृत सेंटरमधील माणसे अडाणी होती, असे म्हणणे सोपे आहे. पण ते खरे नाही. स्कॅनर जे सांगतो ते सेन्सरच्या आधारे. इंजिनात, ब्रेकमध्ये, एअरबॅगमध्ये सेन्सर आहेत. सीव्ही जॉइंटमध्ये नाही, बुशमध्ये नाही, हबच्या खांद्यावर तर नाहीच. त्यामुळे ‘कोणताही दोष नाही’ हा अहवाल खोटा नव्हता. ज्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे असूच शकत नव्हते तो प्रश्न त्याला विचारला गेला होता. वेगवेगळ्या भागांना चिमट्याने छोटे मायक्रोफोन लावून, चालत्या गाडीत एकेक आवाज वेगळा ऐकण्याचे साधन बाजारात मिळते. ते फार महाग नाही. परंतु ते लावून अर्धा तास गाडी फिरवणारा माणूस त्या अर्ध्या तासात दुसऱ्या दोन गाड्यांचे ऑइल बदलू शकतो, आणि वर्कशॉपचे गणित दुसऱ्या बाजूने झुकते.

या व्यवसायात उत्पन्न येते ते भागांच्या विक्रीतून आणि ठरावीक कामांच्या ठरावीक मजुरीतून. शाफ्ट बदलण्याची मजुरी दरपत्रकात असते. आवाज शोधण्याची नसते, किंवा असली तरी ग्राहक ती द्यायला तयार नसतो. ‘नुसते बघायचे कसले पैसे?’ हा प्रश्न आपणच विचारतो. मग बघण्याचे पैसे भागातून वसूल होतात. अंदाज बरोबर ठरला तर सर्व खूष, चुकला तर ‘हाही भाग तसा जुनाच झाला होता’ हे ठरलेले उत्तर. डॉक्टरची तपासणी फी देणारा आणि औषधाच्या दुकानात वेगळे पैसे मोजणारा समाज मोटारीच्या बाबतीत मात्र तपासणी फुकट आणि औषध भरपूर अशी व्यवस्था चालवून घेतो, हे आश्चर्य आहे.

पूर्ण शाफ्ट बदलण्याकडे कल वाढण्याचे एक तांत्रिक कारणही आहे. बूट बदलणे वाटते तितके झटपट काम नाही. चाक काढावे लागते, हबचा नट आणि खालचा बॉल जॉइंट सोडवावा लागतो, शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढला की ऑइल सांडते आणि नंतर ते पुन्हा मोजून भरावे लागते. जॉइंट खोलून रॉकेलने धुऊन, पूर्ण वाळवून, मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस भरावे लागते. साधे चॅसिस ग्रीस तेथे टिकत नाही. ऑइल सील दुखावला तर नवी गळती. एवढे करून मजुरी मिळते शाफ्ट बदलण्याइतकीच. त्यात जॉइंट आधीच वाजू लागला असेल, तर नुसता बूट बदलून काही उपयोग नसतो. आवाज येण्याआधी बूट, आवाज आल्यावर जॉइंट किंवा शाफ्ट, एवढा भेद ग्राहकाने लक्षात ठेवला तरी पुरे. बाजारात मिळणाऱ्या निनावी स्वस्त शाफ्टबाबत मात्र सावध राहावे. त्यातील रबर आणि पोलाद यांची खात्री कोणी देत नाही, आणि जुना मूळ शाफ्ट दुकानदाराला देऊन टाकला की परतीचा मार्ग बंद होतो.

विजेवरच्या गाड्यांत हा प्रश्न मिटेल, असे कोणी समजू नये. इंजिन, क्लच गेले तरी चाकापर्यंत जाणारा शाफ्ट आणि जॉइंट तेथेही आहेतच. मोटरचा पूर्ण जोर शून्य वेगापासून लागतो, पाय काढताच ओढीची दिशा उलटते, आणि इंजिनाचा आवाज नसल्यामुळे हबवरचा तो बारीक ‘टक्’ आता चालकाला अधिक स्पष्ट ऐकू येतो.

कायदा कुठवर आला?

सुटे भाग आणि निदानाची साधने केवळ अधिकृत केंद्रांपुरती मर्यादित ठेवण्याच्या प्रथेविरुद्ध २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार दाखल झाली. चौकशीची व्याप्ती वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार उत्पादकांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडापेक्षा त्या आदेशातील निर्देश सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे होते. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून द्यावीत, आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करू नये, असे आयोगाने बजावले. प्रकरण पुढे अपिलांत आणि न्यायालयांत गेले. दरम्यान, २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ या संकल्पनेवर आधारलेले संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणि घरगुती उपकरणे यांच्याबरोबर वाहनांचाही समावेश आहे.

ही दिशा योग्य आहे, पण तिचा रोख भाग, पुस्तिका आणि सॉफ्टवेअर यांवर आहे. टक-टक करणाऱ्या गाडीला यातले फारसे काही लागत नाही. तिला रॅम्प, टॉर्क पाना, अर्धा तास आणि ऐकणारा माणूस लागतो. स्कॅनरच्या कुलपाने स्वतंत्र गॅरेजची कोंडी होते ती इलेक्ट्रॉनिक दोषांत. या प्रकारच्या यांत्रिक दोषांत ते गॅरेज मुळीच मागे नाही, उलट पुष्कळदा पुढेच आहे. त्याची उणीव वेगळी आहे. तेथे पक्के बिल मिळत नाही, आणि बिल नसल्याने काम चुकले तर ग्राहकाच्या हातात काहीच उरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेची पावती न देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. हे गॅरेजवाल्यांना माहीत नसते आणि ग्राहक स्वतःच ‘बिलाशिवाय किती?’ असे विचारून तो हक्क सोडून देतो.

विम्याचाही येथे आधार नाही. मोटार विम्याच्या प्रमाणित अटींत झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. अपघातात शाफ्ट वाकला तर भरपाई मिळू शकते, पण रबरी भागांच्या किमतीतून पन्नास टक्के घसारा कापला जातो.

अशा स्थितीत ग्राहकाने करायचे ते एवढेच. जॉब कार्डवर ‘एक्सल बदलणे’ असे लिहू देऊ नये. ‘रिव्हर्समधून पुढे घेताना उजव्या-डाव्या बाजूने एकदाच आवाज’ अशा शब्दांत तक्रार लिहायला लावावी. मेकॅनिकला शेजारी बसवून ट्रायल द्यावी. भाग बदलण्याआधी दोष डोळ्यांनी दाखवण्यास सांगावे. फाटलेला बूट दाखवता येतो, खोबणीतील खड्डा बोटाला लागतो. काढलेला भाग परत घ्यावा. आणि निदानाचे वेगळे पैसे मागितले तर ते द्यावेत, बिलावर लिहून घेऊन.

प्रस्तुत लेखकाच्या जॉब कार्डवर ‘पुढून आवाज, तपासणे’ एवढेच लिहिलेले होते. डाव्या शाफ्टचे पैसे परत मागितले असता, तक्रारीनुसार तपासणी व दुरुस्ती केली आहे, असे लेखी उत्तर सेंटरने दिले. मजुरी परत केली, भागाची किंमत नाही. काढलेला शाफ्ट मागितला तेव्हा तो भंगारात गेल्याचे कळले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. पण तेथे पहिला प्रश्न हाच येईल, की तो शाफ्ट खराब नव्हता याचा पुरावा काय?